तिसरीपर्यंत फरक पुसला जातो, मग बालवर्गावर पैसा कशाला?

गरीब घरांतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या बालवर्गांबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, या मुलांना मिळालेली आघाडी तिसरीपर्यंत पुसली जाते असं अभ्यास सांगतात, तर तोच पैसा सरळ प्राथमिक शाळांकडे का वळवू नये? दोन, हे वर्ग फक्त गरिबांसाठी ठेवावेत की सगळ्यांना खुले करावेत? मी नऊ वर्षं असे वर्ग घेतले आणि गेली तेरा वर्षं दुसऱ्यांचे वर्ग पाहायचं काम करते. पहिल्या प्रश्नावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे, दुसऱ्यावर थोडंच.

आघाडी पुसली जाते हे खरं आहे. आमच्यातले काहीजण ते कबूल करायला कचरतात, पण कचरून उपयोग नाही, आकडे समोर आहेत. अमेरिकेत १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतून ‘हेड स्टार्ट’ हा गरीब मुलांसाठीचा सरकारी बालवर्गांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच उन्हाळ्यात आठ आठवड्यांच्या वर्गांना पाच लाखांवर मुलं आली. पुढे २००२ साली त्याची नीट परीक्षा घ्यायचं ठरलं. जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त होते तिथे चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली आणि चिठ्ठी निघालेली व न निघालेली अशा सुमारे पाच हजार मुलांचा माग ठेवला. वर्षाअखेरीला हेड स्टार्टची मुलं अक्षरओळखीत आणि शब्दांत पुढे होती. पहिली संपेपर्यंत तो फरक जवळजवळ विरला आणि तिसरीत शोधूनही सापडेना. तुमच्या वाचनात आलेला अभ्यास बहुधा हाच.

त्यात एक मेख आहे, ती आधी सांगते. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ती सगळी मुलं काही घरी बसून राहिली नाहीत. त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश दुसऱ्या कुठल्यातरी बालवर्गात गेली, आणि त्यातले कितीतरी वर्ग सरकारी पैशावरच चालणारे होते. म्हणजे तुलना बऱ्याच अंशी एका वर्गाची दुसऱ्या वर्गाशी झाली. पण एवढी वजाबाकी करूनही तिसरीतली ती सपाट रेघ उरतेच, आणि ती का येते हे मला माझ्याच वर्गात कळलं.

शिकवायला लागून दुसरं वर्ष असेल. साडेचार वर्षांचा एक मुलगा होता, एक ते पन्नास अंक खणखणीत म्हणायचा. कोणी पाहुणे आले की मी त्याला पुढे उभं करायची. एकदा मणी ओवायला बसलो असताना मी सहज म्हटलं, “मला चार मणी दे रे.” त्याने डब्यात हात घातला आणि मूठभर मणी माझ्या ओंजळीत टाकले. “मोज बरं.” त्याने बोट फिरवत एक, दोन, तीन करत बारापर्यंत नेलं. मणी सात होते. “मग यातले चार कुठले?” त्याने एका मण्यावर बोट ठेवलं. एकाच. त्याच्या लेखी ‘चार’ हे त्या मण्याचं नाव होतं.

त्या वर्षी कोणी परीक्षा घेतली असती तर हा मुलगा वर्गात पहिला आला असता आणि मला शाबासकी मिळाली असती. अंकांची माळ, मुळाक्षरं, रंगांची आणि आकारांची नावं हा साठा मोजका असतो. पहिलीत तो सगळ्यांनाच शिकवतात. जो मुलगा आमच्याकडे आलाच नाही, तो चार महिन्यांत तिथवर पोचतो. आमची मुलं मात्र ते चार महिने तेच ते पुन्हा गिरवत बसतात, कारण पहिलीच्या बाईंना मागे असलेल्यांपासूनच सुरुवात करावी लागते. आता दोघं बरोबरीत आले. अभ्यासकाच्या आलेखात याला ‘परिणाम विरला’ म्हणतात. आमच्या मुलाचं काही हरवलेलं नसतं, दुसऱ्याने गाठलेलं असतं.

दुसरा साठा असा पहिलीत भरून निघत नाही. मनातलं शब्दांत मांडणं, ऐकलेल्या गोष्टीतला ‘का’ पकडणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, जमत नाही म्हणून सोडून न देणं, मोठ्या माणसाकडे न घाबरता मदत मागणं. हे घोकून येत नाही आणि तिसरीच्या प्रश्नपत्रिकेत त्याला रकाना नाही. म्हणून ज्यांनी मुलांचा माग तिसरीच्या पुढे ठेवला त्यांचे निकाल मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावचा पेरी प्रकल्प, १९६२ ते १९६७. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं, त्यातली ५८ वर्गात घेतलेली, ६५ नाही. रोज सकाळी अडीच तास वर्ग आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जाऊन आईशी व मुलाशी दीड तास बसायची. बुद्ध्यंकातली आघाडी इथेही आठव्या वर्षाच्या सुमाराला गेली. पण हीच मुलं चाळिशीला आली तेव्हा वर्गात गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केलं होतं, न गेलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले इकडे ३६ टक्के, तिकडे ५५. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या खर्चावरचा परतावा वर्षाला सात ते दहा टक्के काढला. तेव्हापासून निधी मागणारा प्रत्येक जण हाच आकडा पुढे करतो.

मी तसं करत नाही. पेरीत सहा-सात मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती, मुलं मूठभर होती, आणि ज्यांच्याशी तुलना झाली त्यांना त्या काळी दुसरं काहीच उपलब्ध नव्हतं. एका शिक्षिकेवर वीस-पंचवीस मुलं सोपवायची आणि निकाल पेरीचा मागायचा, हे काही खरं नाही.

त्यापेक्षा बॉस्टनचा अभ्यास आपल्या कामाचा. तिथल्या सरकारी शाळांच्या बालवर्गात १९९७ ते २००३ या काळात चिठ्ठी काढून प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या चार हजारांहून जास्त मुलांचा मागोवा पुढे कॉलेजपर्यंत घेतला. शाळेतल्या चाचण्यांच्या गुणांत काही फरक दिसला नाही, जसा हेड स्टार्टच्या तिसरीत दिसला नाही तसाच. पण शाळेतून निलंबित होण्याचं प्रमाण कमी निघालं आणि शाळा संपल्यावर लगेच कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण आठ टक्क्यांच्या अंतराने जास्त निघालं. गुणपत्रिका कोरी आणि आयुष्य वेगळं. तिसरीत मोजणी थांबवली असती तर या कार्यक्रमावर ‘निकामी’ असा शिक्का बसला असता.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई आपल्याच दुकानाची जाहिरात करतेय. तर आता टेनेसी. या राज्याने गरीब घरांतल्या चार वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग चालवले. २००९ आणि २०१० मध्ये चिठ्ठ्यांनी निवड झालेल्या २,९९० मुलांचा अभ्यास झाला आणि २०२२ साली सहावीपर्यंतचे निकाल छापून आले. वर्गात गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा मागे होती. गुण कमी, शिस्तभंगाच्या तक्रारी जास्त. नियमाप्रमाणे तिथे परवानाधारक शिक्षक होते आणि एका वर्गात जास्तीत जास्त वीसच मुलं होती. म्हणजे कागदावर काही वावगं नव्हतं. तो अहवाल मी दोनदा वाचला आणि मग माझ्या जुन्या नोंदवह्या काढून बसले. त्यांत जे लिहिलं होतं ते काही फार वेगळं नव्हतं.

वर्ग पाहायला जाते तेव्हा मी कोपऱ्यातल्या मुलांच्या छोट्या खुर्चीत बसते आणि हातात स्टॉपवॉच ठेवते. (गुडघे आता कुरकुरतात, पण मोठी खुर्ची घेतली की मुलं तुम्हाला साहेब समजतात आणि शहाण्यासारखी वागायला लागतात.) एका सकाळची नोंद अशी: तीन तासांचा वर्ग, वीस मुलं, दोन मोठी माणसं, एक नळ. हात धुण्याची रांग, दोन वेळा मिळून, २६ मिनिटं. स्वच्छतागृहाची रांग १४. हजेरी आणि “सगळे जागेवर बसा” १९. चटया घालणं-काढणं ११. खाऊ वाढून होईपर्यंत तोंडावर बोट ठेवून बसणं १२. बेरीज ८२. एकशे ऐंशी मिनिटांतली ८२ मिनिटं मुलं कशाची ना कशाची वाट पाहत होती. आणखी ४१ मिनिटं सगळ्यांनी मिळून एका सुरात म्हणणं चाललं होतं. उरलेल्या वेळात मोठ्यांनी मुलांशी जे बोलणं केलं ते बहुतेक “सरळ उभी राहा”, “ढकलू नकोस”, “आधी ते उचल” असं. तीनपेक्षा जास्त वेळा इकडून तिकडे गेलेले संवाद अख्ख्या सकाळीत चार सापडले. चारही त्याच दोन मुलींशी, ज्या मुळातच बडबड्या होत्या.

त्या ताई आळशी नव्हत्या, उलट सकाळभर उभ्या होत्या. पण वर्षानुवर्षं त्यांच्या वर्गाला जे लोक तपासायला आले त्यांच्या तक्त्यात ‘शिस्त’ या रकान्याला गुण होते आणि ‘संवाद’ असा रकानाच नव्हता. ते तक्ते आमच्यासारख्यांनीच बनवलेले. रांग सरळ असली की आम्ही खूश व्हायचो, म्हणून त्या रांग सरळ करत राहिल्या. चार वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं रांगेत उभं केलं तर ते पुढच्याला ढकलणारच. ढकललं की ओरडा. रोज ओरडा खाल्ला की वर्षभरात त्याची आणि वर्गाचीही खात्री पटते की हा मुलगा त्रासदायक आहे. टेनेसीतल्या शिस्तभंगाच्या तक्रारी नेमक्या कशाने वाढल्या ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण घरी राहिलेलं मूल या एका गोष्टीपासून तरी वाचतं.

आता दुसऱ्या एका वर्गातली नोंद. पाण्याच्या घमेल्यापाशी चार वर्षांची मुलगी, शेजारी ताई उकिडव्या बसलेल्या.

“बुडली.”

“काय बुडलं?”

“किल्ली.”

“आणि झाकण?”

“झाकण नाही बुडलं.”

“का बरं?”

इथे त्या ताई गप्प बसल्या. मी मोजले, सात सेकंद. आपल्यापैकी बहुतेकांनी दुसऱ्याच सेकंदाला उत्तर सांगून टाकलं असतं.

“किल्ली जड आहे.”

“झाकण तर केवढं मोठं आहे!”

मुलीने झाकण एका हातात घेतलं, किल्ली दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात खाली-वर करून पाहिले. “मोठं आहे, पण हलकं आहे.” मग कोणी न सांगता तिने किल्ली झाकणात ठेवली आणि झाकण अलगद पाण्यावर सोडलं. तरंगलं. “बसली होडीत!”

सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. ही मुलगी वर्षाच्या सुरुवातीचे तीन महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती. दोन्ही वर्गांची मंजुरी सारखी, मुलांमागे मिळणारा पैसा सारखा, ताईंचं शिक्षणही जवळपास सारखंच. या दोन खोल्यांची सरासरी काढून ‘योजनेचा परिणाम’ म्हणून जो आकडा छापला जाईल तो दोन्ही खोल्यांबद्दल काहीच सांगणार नाही. म्हणून कोणी मला विचारलं की ही योजना चालते का, तर मी विचारते, कोणती खोली?

अर्थात सगळं ताईंच्या स्वभावावर सोडून चालत नाही. मोकळा वेळ पैशाने विकत घेता येतो. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर झालेला प्रयोग मला यासाठी फार आवडतो. एरवी एकच सेविका आहार, नोंदी आणि शिकवणं असं सगळं ओढते. प्रयोगातल्या केंद्रांना फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ आणखी एक व्यक्ती दिली. शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची भाषा आणि गणित दोन्ही सुधारलं, आणि पहिल्या सेविकेला आरोग्य-आहाराकडे पाहायला सवड मिळाल्यामुळे कुपोषणही कमी झालं. नवी इमारत बांधली नव्हती, रंगीत तक्तेही टांगले नव्हते. दोन जास्तीचे हात आले, एवढंच.

पगाराचं एका ओळीत सांगते: मुलाला एका वर्षात तिसऱ्या नव्या ताई मिळत असतील, तर बाकी काहीही सुधारून उपयोग नाही, आणि त्या सोडून जातात त्या पगारामुळेच.

गुणांच्या वादात आणखी एक गोष्ट निसटते. हेड स्टार्ट सुरू झालं तेव्हाच त्यात आरोग्य तपासणी, लसीकरण, दात पाहणं आणि आहार होता. त्याचे पहिले संचालक ज्युलियस रिचमंड हे मुळात बालरोगतज्ज्ञ. सुरुवातीला अमेरिकेतल्या सर्वांत गरीब ३०० काउंट्यांना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांना) अर्ज लिहायला सरकारनेच मदत केली होती, त्यामुळे तिथे निधी जास्त पोचला. जेन्स लुडविग आणि डग्लस मिलर या अभ्यासकांनी या यादीत जेमतेम बसलेल्या आणि जेमतेम हुकलेल्या काउंट्या शेजारी ठेवून पाहिल्या. ज्या आजारांवर हेड स्टार्टमध्ये लक्ष दिलं जायचं, त्यांनी होणारे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचे मृत्यू यादीतल्या काउंट्यांत कमी झाले होते. तिसरीतल्या सपाट रेघेवर ही मुलं कुठे दाखवायची?

तर पैसा प्राथमिक शाळांकडे वळवावा का? रकर जॉन्सन आणि किराबो जॅक्सन यांचा २०१९ सालचा अभ्यास नेमका यावरच आहे. हेड स्टार्टमधून बाहेर पडलेली जी मुलं पुढे जास्त निधी मिळणाऱ्या शाळांत गेली त्यांच्या शिक्षणावर आणि मोठेपणीच्या कमाईवर परिणाम खूप जास्त दिसला, आणि शाळांवर वाढवलेला खर्चही हेड स्टार्टहून आलेल्या मुलांच्या बाबतीत जास्त फळाला आला. एक खर्च दुसऱ्याची किंमत वाढवतो. बालवर्ग बंद करून पहिलीला पैसे देणं म्हणजे पेरणी रद्द करून पाणी दुप्पट देण्यासारखं झालं. उलटंही तितकंच खरं: पहिलीत पुन्हा तीच अक्षरं गिरवायला लावणार असाल तर बालवर्गावरचा खर्च अर्धा वाया जाणार हे धरूनच चाला. निदान पहिलीच्या शिक्षकांनी वर्ष सुरू होण्याआधी एक दिवस बालवर्गात येऊन बसावं. याला जवळपास काहीच खर्च येत नाही आणि तरीही हे जवळपास कुठेच होत नाही.

आता दुसरा प्रश्न. फक्त गरिबांसाठी म्हटलं की उत्पन्नाची रेघ आखावी लागते, आणि रेघ आखली की तिच्या किंचित वर असलेल्या घरांवर अन्याय होतो. वडिलांना दोन महिने जादा काम मिळालं म्हणून मुलाचा प्रवेश हुकलेला मी पाहिला आहे, आणि त्याची आई कागद हातात घेऊन दारात उभी होती तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नव्हतं. शिवाय नुसत्या गरिबांच्या सेवेसाठी भांडणारं कोणी नसतं. नळ गळतोय, ताई सहा महिने आल्या नाहीत, तरी वर तक्रार जात नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने १९९८ साली चार वर्षांच्या सगळ्या मुलांना वर्ग खुले केले आणि तिथे मुलांच्या शाळापूर्व तयारीत चांगला फरक दिसला. पण सगळ्यांना खुलं केल्याने आपोआप भलं होतं असंही नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून अगदी स्वस्तात सर्वांसाठी बालसंगोपन सुरू केलं, जागा झपाट्याने वाढवल्या, आणि मुलांमधली चिंता व आक्रमकता वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. माझं मत विचाराल तर वर्ग सगळ्यांचे ठेवावेत, पण जागा कमी असतील तिथे पहिला हक्क गरीब घरांचा. आणि जागा वाढवण्याचा वेग चांगल्या ताई तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त नसावा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की महिन्याभरात तुमच्या समितीला तीन वर्ग पाहायचे आहेत. तक्ता घेऊन जाऊ नका, घड्याळ घेऊन जा. एक शांत मूल निवडा, बडबडं नको, आणि सबंध सकाळ फक्त त्याच्याकडे बघा: त्याच्याशी किती वेळा कोणी बोललं, त्यातलं किती वेळा त्याने उत्तर दिलं, आणि किती मिनिटं ते नुसतं थांबलं होतं. प्रत्येक वर्गात तीन दिवस जा. पहिल्या दिवशी ताई तुमच्यासाठी वर्ग घेतात, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे चोरून बघत घेतात. तिसऱ्या दिवशी त्या तुम्हाला विसरलेल्या असतात. आकडे त्या दिवशीचे धरा.